हिंदुस्थानी : एका भाषानामाची कैफियत

पुढील पानांत सोलापूर शहरात आणि त्याच्या भोवतालच्या अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा व बार्शी ह्या तालुक्यांत मुसलमान कुटुंबांच्या घरी, बाजारपेठेत आणि यंत्रमागाच्या कारखान्यांत बोलल्या जाणाऱ्या एका बोलीचे शब्द, म्हणी आणि वाक्प्रयोग एकत्र केलेले आहेत. संकलन पुरे होऊन हस्तलिखित छापखान्याकडे धाडण्याची वेळ आली, तेव्हा सर्वांच्या शेवटी राहिलेला आणि म्हणूनच सर्वांत सोपा भासणारा प्रश्न उभा राहिला तो असा की, ह्या बोलीला मुखपृष्ठावर नाव कोणते छापावे. शेजारचा मराठी अगर कानडी बोलणारा गृहस्थ तिला ‘मुसलमानी’ म्हणतो. ती बोलणारा मनुष्य शिरगणतीच्या कागदावर आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘उर्दू’ लिहवितो. विद्यापीठातील पंडित तिला ‘दखनी’ म्हणतात. आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेतील सोलापूर जिल्ह्याचा विसावा खंड ज्यांनी सिद्ध केला, त्या इंग्रज अंमलदारांनी येथील मुसलमान जातींची वर्णने लिहिताना हीच भाषा ‘हिंदुस्थानी’ म्हणून नोंदविली. एका बोलीस चार नावे असावीत ह्यात नवल नाही; नवल आहे ते हे की, चारांपैकी जे नाव सरकारी दफ्तरात सर्वांत ठळक अक्षरांत उमटले, त्या नावाने येथील एकाही आजीने आपल्या नातवाशी केलेल्या बोलण्याचा कधी उल्लेख केला नसेल. ह्या प्रस्तावनेचा विषय हेच नाव आहे. ते कोठून आले, कोणी दिले, कोणास दिले, आणि सोलापूरपर्यंत ते कोणत्या वाटेने पोहोचले, एवढे सांगितल्यावाचून संग्रह वाचकाच्या हाती देणे मला अपुरे वाटले.

शब्दाची व्युत्पत्ती तशी सरळ आहे आणि तिच्यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही. सिंधू नदीच्या नावातील ‘स’ इराणी उच्चारात ‘ह’ झाला, त्यापासून हिंदू हा देशवाचक व लोकवाचक शब्द आला, आणि त्याला फार्सीतील ‘स्तान’ हा स्थलवाचक शब्द जोडून हिंदुस्तान झाले. हा ‘स्तान’ आणि आपला संस्कृत ‘स्थान’ ही एकाच आर्य मुळाची अपत्ये असल्यामुळे मराठी लेखकांनी त्या शब्दाला बिनदिक्कत ‘हिंदुस्थान’ असे रूप दिले आणि परका शब्द घरचा करून टाकला. शेवटचा ‘ई’ हा संबंधदर्शक प्रत्यय आहे. म्हणजे हिंदुस्थानी याचा अर्थ हिंदुस्थानचा, हिंदुस्थानची, हिंदुस्थानचे. मग तो घोडा असो, शिपाई असो, आंबा असो की भाषा असो.

परंतु हिंदुस्थान म्हणजे कोणता प्रदेश, येथे मात्र व्युत्पत्तीने काम भागत नाही. पेशवाईतील पत्रव्यवहार ज्यांनी चाळला आहे त्यांस ठाऊक आहे की, त्या काळच्या मराठी कारकुनाच्या लेखी हिंदुस्थान नर्मदेच्या पलीकडे सुरू होत असे. फौजा ‘हिंदुस्थानात’ रवाना होत, वकील ‘हिंदुस्थानातून’ बातमी लिहीत, आणि पुणे, सातारा, सोलापूर ही ठाणी ‘दक्षिणेत’ असत. अव्वल इंग्रजीतही हा संकेत पुसला गेला नव्हता. १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेस गेलेल्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’ लिहिला, त्यातही घर सोडून ग्वाल्हेर-झांशीकडे निघणे म्हणजे हिंदुस्थानात जाणेच आहे. तेव्हा ज्या भाषेचे आद्य ग्रंथ गुलबर्गा, बीदर, विजापूर आणि गोवळकोंडा ह्या दक्षिणी राजधान्यांत लिहिले गेले, आणि जी सोलापुरासारख्या कृष्णा-भीमेच्या दुआबालगतच्या परगण्यात कित्येक पिढ्या नांदत आली, तिला नर्मदापारच्या देशाचे नाव चिकटावे ही गोष्ट मराठी कानाला तरी थोडी विपरीतच वाटली पाहिजे.

ह्या विपरीताचा उलगडा करावयाचा तर, उत्तरेच्या ह्या लोकभाषेला फार्सी लिहिणाऱ्यांनी दिलेली तिन्ही नावे एकमेकांशेजारी ठेवून पाहावी लागतात. हिंदवी, हिंदी आणि हिंदुस्थानी ही तिन्ही फार्सी धाटणीची विशेषणे आहेत, आणि तिन्ही मुळात व्याकरणाने नेमून दिलेल्या एका भाषेची नावे नव्हती. ‘आमची फार्सी नव्हे, ती इकडची’ एवढाच त्यांचा आशय होता. अमीर खुस्रौ ‘हिंदवी’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे दिल्लीच्या आसपासची बोली असते. पण विजापुरात बसून इतिहास लिहिणारा फेरिश्ता जेव्हा सांगतो की, पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) परदेशी सरदारांचे प्रस्थ मोडून दक्षिणी लोक नोकरीस ठेवले, राज्याचे हिशेब फार्सीतून काढून ‘हिंदवी’त आणले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपविले, तेव्हा ही हिंदवी कोणती? ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात येथे ‘मराठी’ असा अर्थ केला, आणि जमाबंदीचे कागद आदिलशाही मुलखात कोणत्या लिपीत आणि कोणाच्या हातचे सापडतात ते पाहता तोच अर्थ संभवनीय दिसतो. म्हणजे ज्या शब्दाने दिल्लीकडे एक भाषा दाखविली जात होती, त्याच शब्दाने विजापुरात आपली मराठी दाखविली गेली. ‘हिंदवी स्वराज्य’ ह्या पदामुळे हा शब्द आपणांस ओळखीचा आहे. त्याची ही भाषिक बाजू मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी लक्षात घेतो. फार्सी लेखकाच्या दृष्टीने भीमेकाठची भाषा काय किंवा यमुनाकाठची काय, दोन्ही ‘हिंद’च्या, त्यांच्यातील भेद नोंदविण्याची त्यास गरज नव्हती.

‘हिंदुस्थानी’ हे नाव त्या तिघांत वयाने सर्वांत लहान दिसते आणि ते आरंभापासून परक्याच्या तोंडचे आहे. बाबराने आपल्या तुर्की आत्मवृत्तात सांगितले आहे की, १५२६ च्या प्रारंभी पंजाबचा दौलतखान लोदी शरण आला असता, त्याला सुनावलेले कठोर शब्द त्याच्या कानी नीट पडावेत म्हणून हिंदुस्थानी जाणणाऱ्या एका मनुष्याकडून त्याने ते समजावून दिले. पुढे शंभर वर्षांच्या आत युरोपीय प्रवासी तोच शब्द ‘इंडोस्तान’ असा उच्चारू लागले. जहांगीरच्या दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्याबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्याने १६५५ साली छापलेल्या आपल्या वृत्तांतात ह्या लोकभाषेचे वर्णन केले आहे, आणि तिच्यासंबंधी एक गंमतही लिहून ठेवली आहे. वकिलाच्या घरी एक परटीण होती व तिच्या जिभेला दिवसभर खळ नसे. टॉम कोर्येट नावाचा विक्षिप्त पदयात्री ही भाषा शिकला होता. त्याने एके दिवशी तिच्याच बोलीत तिच्याशी असे भांडण मांडले की सकाळच्या आठ वाजेपर्यंत बाई निरुत्तर झाली. हिंदुस्थानीत प्रावीण्य मिळवून एखाद्या युरोपीयाने केलेला हा पहिला नोंदला गेलेला पराक्रम असावा, आणि तो व्याकरणकारांच्या पराक्रमांपेक्षा मला अधिक अस्सल वाटतो.

व्याकरणकार त्यामागून आले. डच कंपनीचा नोकर योआन योसुआ केटेलार याने १६९८ च्या सुमारास डच भाषेत हिंदुस्थानीचे पहिले व्याकरण लिहिले. ते लॅटिन रूपात डेव्हिड मिल याने १७४३ साली लायडन येथे प्रसिद्ध केले. लगोलग १७४५ साली जर्मनीतील हाले येथे बेंजामिन शुल्त्से ह्या मिशनऱ्याचे ‘ग्रामाटिका हिंदोस्तानिका’ छापले गेले. ह्या दुसऱ्या ग्रंथापाशी सोलापूरच्या वाचकाने क्षणभर थांबले पाहिजे. शुल्त्से कधी दिल्लीस अगर आग्र्यास गेला नव्हता. त्याचे वास्तव्य मद्रासेत होते, त्याने ही भाषा तेथील मुसलमानांकडून उचलली, आणि तिची रूपे दखनीची आहेत. म्हणजे हिंदुस्थानी ह्या नावाखाली युरोपात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या व्याकरणांपैकी एक वस्तुतः आपल्याच दक्षिणी बोलीचे व्याकरण होय. नाव उत्तरेचे, देह दक्षिणेचा, ही विसंगती म्हणजे गॅझेटियरच्या कारकुनाचा प्रमाद नसून तिला अठराव्या शतकाच्या मध्यापासूनची वहिवाट आहे.

बंगाल्यातील इंग्रज ह्याच भाषेला ‘मूर्स’ म्हणत. पोर्तुगीज लोक मुसलमानास ‘मूर’ म्हणत असत, त्यावरून हे आले. म्हणजे आपल्या शेजाऱ्याच्या ‘मुसलमानी’चीच ती पाश्चात्य आवृत्ती. जॉर्ज हॅडलीच्या १७७२ च्या व्याकरणावर हेच नाव आहे. ह्या गावठी नावाला दफ्तरातून हाकलून ‘हिंदुस्थानी’ला शास्त्रशुद्ध म्हणून गादीवर बसविणारा मनुष्य म्हणजे जॉन गिलख्रिस्ट. हा एडिंबरोचा डॉक्टर १७८२ साली मुंबईस उतरला, सुरतेहून लष्करासोबत उत्तरेस गेला, आणि जेथे जाईल तेथे एकच बोली उपयोगी पडते असे पाहून त्याने तिचा कोश रचण्याचे मनावर घेतले. पुढे १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, त्यात तो हिंदुस्थानीचा अध्यापक झाला, आणि चार वर्षांत त्याच्या देखरेखीखाली मुनशींनी एकीकडे ‘बाग-ओ-बहार’ व दुसरीकडे ‘प्रेमसागर’ असे दोन प्रवाहांचे गद्य निर्माण केले. एकाच नावाच्या छत्राखाली पुढील शतकात परस्परांचे वैरी ठरलेले दोन प्रवाह वाढविण्याचा हा उद्योग किती जाणूनबुजून झाला ह्याविषयी पंडितांत मतभेद आहेत. माझे मत विचाराल तर, गिलख्रिस्टला भाषा फोडावयाची नव्हती, तिचे कोष्टक मांडावयाचे होते. पण सरकारी कोष्टकातील रकान्यांच्या रेघा पुढे कुंपणे होऊन बसतात, ह्याचा त्यास अंदाज नसावा.

ज्यांच्या भाषेला हे नाव दिले जात होते, ते स्वतः तिला काय म्हणत असत? १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादेस आणले आणि वीस वर्षांनी बहमनी सलतनत स्थापन झाली, तेव्हापासून उत्तरेतून आलेली ही बोली दक्षिणेत वस्तीस राहिली. गुलबर्ग्यास बंदानवाज गेसूदराज आले, विजापुरात शाह मीरांजी आणि त्यांचे चिरंजीव बुऱ्हानुद्दीन जानम यांनी सूफी उपदेशासाठी हीच भाषा वापरली, आणि जानमांनी तिला हिंदी तसेच गुजरी अशी दोन्ही नावे दिली. गोवळकोंड्याच्या वजहीने १६०९ च्या ‘कुत्ब मुश्तरी’ काव्यात आपल्या वाणीला दखनी म्हटले, तर १६३५ च्या ‘सबरस’ ह्या गद्यग्रंथाच्या प्रारंभी तिलाच हिंदुस्थानची भाषा म्हटले. दक्षिणेच्या कवीने हे नाव एकदा तरी स्वतः उच्चारल्याचा हा दाखला महत्त्वाचा आहे. पण त्यातही ती ‘हिंदुस्थानची’ भाषा आहे, ‘हिंदुस्थानी’ हे पक्के विशेषनाम नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ ही गीते रचली तीही दखनीत, आणि तिला जहूरीने प्रस्तावना लिहिली ती मात्र अलंकारांनी ओथंबलेल्या फार्सीत. मूळ ग्रंथ जनांच्या भाषेत आणि प्रस्तावना विद्वानांच्या भाषेत, ही खोड प्रस्तावनाकारांची पूर्वापार असल्याचे पाहून माझ्यासारख्यास थोडा दिलासा मिळतो.

सोलापूर ह्या सगळ्या हालचालीच्या वाटेवर होते. येथील किल्ल्यावर विजापूर आणि अहमदनगर ह्या दोन्ही दरबारांचा डोळा होता. १५२४ साली आदिलशाही राजकन्या निजामशहास दिली तेव्हा तो आंदण म्हणून कबूल झाला व दिला गेला नाही, म्हणून कित्येक वर्षे लढाया झाल्या. पुढे तालीकोटच्या लढाईपूर्वीच्या सोयरिकीत चांदबीबीबरोबर तो विजापूरकडे आला. अशा सीमेवरच्या ठाण्यात शिपाई, किल्लेदार, मुल्ला, कसबी आणि व्यापारी यांची ये-जा अखंड चालावी आणि त्यांची बोली येथील कानडी-मराठीत मिसळावी, हे क्रमप्राप्तच होते. येथून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ह्या दृष्टीने एकदा ऐकून पाहावी. दुष्काळात कोठारे लुटविल्याबद्दल बादशहाने पंतांस बीदरला बोलाविले, आणि इकडे विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात रकमेचा भरणा केला. कीर्तनकार ही कथा रंगवितात तेव्हा बादशहाच्या तोंडी हिंदुस्थानी घालतात आणि विठू महार मराठीतच उत्तर देतो. दोघांना एकमेकांचे कळते. कीर्तनकाराला अगर श्रोत्याला त्यात काही खटकत नाही, कारण भीमेच्या खोऱ्यात हे असेच चालत आले. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात ह्याच वस्तुस्थितीला वाङ्मयीन रूप मिळाले आहे: तुर्क दखनीत बोलतो, हिंदू मराठीत, आणि भांडण मात्र एकाच भाषेत चालल्यासारखे अखंड चालते. एकनाथांच्या आधी होऊन गेलेल्या पंढरपूरच्या नामदेवांच्या नावावरील ६१ पदे शिखांच्या आदिग्रंथात गेली, आणि पुढे सोलापुरात जन्मलेल्या रामजोशी ह्या संस्कृतज्ञ शाहिराने मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदुस्थानी यांची सरमिसळ करून फडावरच्या श्रोत्यांना डोलविले. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट निघाला, त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. उत्तरेकडच्या प्रेक्षकाला त्या चित्रपटातील शाहीर आपल्या भाषेत बोलताना ऐकून जे नवल वाटले असेल, ते रामजोशीच्या हयातीत सोलापूरच्या पेठेत कोणास वाटले नसते.

ह्या जिल्ह्याचा भाषेच्या इतिहासाशी आणखी एक संबंध आहे, तो मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. १६८५-८६ मध्ये विजापूर घेण्यापूर्वी औरंगजेबाचा मुक्काम सोलापुरास होता. आणि पुढे १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याची मुख्य छावणी मंगळवेढ्याजवळ माचणूर-ब्रह्मपुरी येथे भीमेच्या काठी पडली होती. ब्रह्मपुरीचे नाव त्याने इस्लामपुरी केले. नदीपलीकडील बेगमपूर हे गाव त्या दिवसांची आठवण आपल्या नावाने अजून सांगते. तुर्की भाषेत अशा छावणीला ‘ऊर्दू’ म्हणतात, आणि बादशाही छावणीच्या भाषेला पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला’ असे लांबलचक नाव पडून त्याचे ‘उर्दू’ एवढेच उरले. म्हणजे ज्या शब्दावरून त्या भाषेचे आजचे नाव आले, ती वस्तू चार वर्षे पावेतो आपल्या जिल्ह्यात, आपल्या नदीवर, तंबू ठोकून उभी होती. दिल्ली-आग्र्याची खडी बोली आणि विजापूरची दखनी ह्यांची गाठ ह्या काळात दक्षिणेतील अशा छावण्यांत रोजच्या रोज पडत असली पाहिजे: दाण्यागोट्याच्या बाजारात, बैलांच्या सौद्यात, फौजदाराच्या चावडीत. त्यानंतर थोड्याच वर्षांत औरंगाबादचा वली (ज्याच्यावर गुजरातचाही हक्क सांगितला जातो) १७०० साली दिल्लीस गेला, मागून त्याचा दिवाण तेथे पोहोचला, आणि फार्सीत लिहिणाऱ्या दिल्लीच्या कवींना आपल्या बोलीतही गझल होते हे कळून आले. दिल्लीने दक्षिणेस बोली दिली. दक्षिणेने साडेतीनशेहून अधिक वर्षांनी तिला काव्य करून परत पाठविले. तरीही गालिबासारखा शायर एकोणिसाव्या शतकात आपल्या गद्यास हिंदी म्हणत होता, आणि त्याच्या पत्रांचा १८६८ साली निघालेला संग्रह ‘ऊद-ए-हिंदी’ ह्याच नावाचा आहे. ‘हिंदुस्थानी’ त्याच्याही घरचे नव्हे.

१८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला आणि हा मुलूख इंग्रजी दफ्तरात आला. तेथून पुढे हे नाव पक्के झाले. लष्करी व मुलकी अंमलदारांना हिंदुस्थानीची परीक्षा द्यावी लागे, मुनशी ठेवावा लागे, आणि मोल्सवर्थने आपल्या मराठी कोशात उसन्या शब्दांपुढे मूळ दाखविणारी जी अक्षरे योजली त्यांत अरबी, फार्सी व संस्कृत यांच्या जोडीला हिंदुस्थानीचेही स्वतंत्र अक्षर आहे. ग्रीअर्सनने १९१६ साली भाषापाहणीचा नववा खंड काढला तेव्हा दखनीला त्याने पश्चिम हिंदीच्या घरात, हिंदुस्थानीच्या प्रकरणात जागा दिली. ही व्यवस्था वर्गीकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण तिचा एक परिणाम असा झाला की, ज्या भाषेला स्वतःचे तीन शतकांचे वाङ्मय होते ती दुसऱ्या भाषेची, आणि तीही बिघडलेली, पोटजात ठरली.

ह्यानंतर हे नाव राजकारणात शिरले, आणि त्या कहाणीतील दोन महत्त्वाचे प्रवेश मराठी मुलखात घडले. काँग्रेसने १९२५ च्या कानपूर अधिवेशनात आपले कामकाज शक्यतो हिंदुस्थानीत चालविण्याचे ठरविले. महात्मा गांधींच्या मनातील हिंदुस्थानी म्हणजे नागरी व फार्सी अशा दोन्ही लिपींत लिहिली जाणारी, हिंदू-मुसलमानांची सामाईक लोकभाषा. एप्रिल १९३६ मध्ये नागपुरास भारतीय साहित्य परिषद भरली, तेव्हा परिषदेच्या भाषेचे नाव ‘हिंदी-हिंदुस्थानी’ असे जोडून घेण्यावरून त्यांचा आणि मौलवी अब्दुल हक यांचा खटका उडाला. हे मौलवीसाहेब पाव शतक औरंगाबादेस राहून अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे काम करीत होते. ‘सबरस’सारखे दखनी ग्रंथ त्यांनीच संपादून उजेडात आणले, आणि मराठीवरील फार्सीच्या परिणामावर पुस्तक लिहिले. ज्याने दखनी जपली तोच मनुष्य ‘हिंदी-हिंदुस्थानी’ ह्या जोडनावाने दुखावला जावा, ह्यात ह्या नावाची सगळी अडचण दिसून येते. १९४२ साली वर्ध्यास हिंदुस्थानी प्रचार सभा निघाली, तीत काकासाहेब कालेलकरांसारख्या मराठी माणसाने आयुष्य वेचले, परंतु पाचच वर्षांत देशाची फाळणी झाली आणि सामाईक नावाला वालीच उरला नाही. घटनेच्या ३४३ व्या कलमाने देवनागरीतील हिंदीला संघराज्याची भाषा केले, आठव्या अनुसूचीत हिंदी व उर्दू दोघींना वेगवेगळी जागा मिळाली, आणि हिंदुस्थानी तिच्यात नाही. तिचा उल्लेख राहिला तो ३५१ व्या कलमात, जेथे हिंदीने समृद्ध होताना कोणाची रूपे व शैली आत्मसात करावी ह्याची आज्ञा आहे. अनुसूचीत नसलेली भाषा घटनेत मात्र आहे, हा चमत्कार बहुतेक वकिलांच्याही ध्यानात नसतो.

आज हे नाव भाषेला उद्देशून कोणी सहसा घेत नाही. १८७३ पासून मजूर म्हणून सुरिनामला गेलेल्या भोजपुरी-अवधी बोलणाऱ्या लोकांच्या वंशजांत ते टिकून आहे. मराठी माणूस ‘हिंदुस्थानी’ म्हटल्यावर आधी गाणे आठवतो, आणि त्याचे श्रेय भातखंड्यांना, ज्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ ह्या नावाचे आपले बृहद् ग्रंथ मराठीत लिहिले. भाषेचे हे नाव मावळण्याबद्दल मला हळहळ वाटते, पण ती नावाकरिता नसून त्यामागील एका अपेक्षेकरिता. सोलापूरच्या बोलीपुरते म्हणायचे तर, तिला ते नाव कधी बसलेच नव्हते. ‘मुसलमानी’ म्हणणेही मला पटत नाही, कारण येथील कित्येक हिंदू व्यापारी व कारागीर ती सफाईने बोलतात, आणि दुसऱ्या बाजूने पाहता मराठी ही मुसलमानांची भाषा आहे हे सांगण्यासाठी १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन ह्याच शहरात भरले होते. ‘उर्दू’ म्हणावे तर शाळेच्या पुस्तकातील उर्दू आणि घरची बोली यांतील अंतर पोरांना परीक्षेच्या वेळी चांगलेच जाणवते. म्हणून मुखपृष्ठावर मी ‘दखनी’ हाच शब्द ठेविला. वजही आणि नुसरती ह्या दखनी कवींनी स्वतःच्या तोंडाने घेतलेले नाव तेच आहे.

ह्या बोलीत मराठीचा वाटा किती आहे हे संग्रह चाळताच वाचकाच्या लक्षात येईल, आणि केवळ उसन्या शब्दांचा हिशेब करून तो समजणार नाही. निषेधाला येथे ‘मत’ अगर ‘ना’ नव्हे, ‘नक्को’ आहे. जोर देण्यासाठी उत्तरेतील ‘ही’ऐवजी आपला ‘च’ येतो: मैंच, तूच, वैसाच, आताच नै. ‘कायकू’ ह्या प्रश्नात मराठी ‘काय’ आणि दखनी ‘कू’ एकमेकांस बिलगून बसले आहेत. अनेकवचन ‘आं’काराने होते, जसे लोगां, बातां, औरतां, भूतकाळी कर्त्याला ‘ने’ लावण्याचा उत्तरेचा नियम शिथिल आहे, आणि आपण वाक्याच्या शेवटी जे ‘म्हणून’ म्हणतो, कानडीत ‘अंत’ आणि तेलुगूत ‘अनि’ म्हणतात, त्याच जागी ही बोली ‘बोलके’ ठेवते. म्हणजे शब्द उत्तरेचे असले तरी वाक्य कोठे वळावे हे तिने येथील शेजाऱ्यांपासून घेतले. अरबी ‘क़’ ती घशाच्या वर आणून ‘ख़’ करते, म्हणून ‘वक़्त’चा ‘वख़त’ होतो. आणि मराठी शेतकऱ्याचा ‘वखत’ तोच आहे.

लेखनाविषयी थोडे. शब्द नागरीत दिले आहेत, कारण बहुसंख्य वाचकांची सोय त्यात आहे. फार्सी लिपीतील रूपे पुरवणीत येतील. जेथे ‘ज’ आणि ‘झ’ यांच्यात सोलापूरकराचा उच्चार स्थिर नाही तेथे ऐकू आले तसे लिहिले, आणि शुद्ध उर्दू रूप सुचविण्याचा मोह टाळला. जोर देणारा ‘च’ मराठीप्रमाणेच शब्दाला जोडून लिहिला आहे. तेलुगू भाषक विणकरांकडून आलेले मागाचे शब्द वेगळ्या खुणेने दाखविले असून, एकाच वस्तूला बेगम पेठेत आणि साखर पेठेत निरनिराळी नावे असल्यास दोन्ही घेतली आहेत. जुन्या ग्रंथांचा व सरकारी कागदांचा हवाला देताना मात्र ‘हिंदुस्थानी’ हे नाव जसेच्या तसे ठेविले आहे. मजकूर दुसऱ्याचा असताना त्यातील नाव बदलण्याचा अधिकार संकलकास पोहोचत नाही.